राणीची बाग: पेंग्विनच्या रांगेत लागण्याआधी मान वर करा

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच. चार कशासाठी दिले ते आधी सांगते, कारण बागेत येणारी बहुतेक माणसं ज्यांच्या सावलीतून चालत जातात, त्यांच्याकडे न बघताच घरी परततात.

मुंबईतल्या भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, लोकांना ठाऊक आहे ती प्राण्यांसाठी. तिच्याबद्दल लोक काय लिहितात ते वाचा. पेंग्विन दिसले, वाघ झोपला होता, पाणघोड्याने पाण्यातून तोंडच वर काढलं नाही, रविवारी गर्दी फार. झाडांबद्दल एखादी ओळ, तीही ‘हिरवळ छान आहे’ एवढीच. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. वाढले लालबागच्या चाळीत, आता राहते डोंबिवलीला. माझ्यासाठी ही बाग सगळ्यात आधी वनस्पती उद्यान आहे, आणि इतिहासही तेच सांगतो. १८६२ साली ती उघडली तेव्हा झाडांसाठीच उघडली होती. त्याआधी शिवडीला कृषी-उद्यान संस्थेची एक बाग होती. ती जागा पुढे ख्रिश्चन दफनभूमीसाठी गेली आणि झाडांचा संसार भायखळ्याला आला. प्राण्यांचे पिंजरे त्यानंतरचे.

आज पन्नासेक एकरांच्या या आवारात तीन हजारांवर झाडं आहेत, आणि जाती २८६. एका शहरातल्या एका कुंपणाच्या आत २८६ जातींची झाडं! माझ्या विद्यार्थ्यांना मी हा आकडा फळ्यावर लिहून दाखवते आणि मग विचारते, तुमच्या इमारतीच्या आवारात किती जाती आहेत? अशोक, नारळ, गुलमोहर, एखादा बदाम. तिथेच यादी थांबते.

पोहोचायला सोपं आहे. मध्य रेल्वेच्या भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा, तिथून चालत जाता येतं. दादरकडून बसने येणार असाल तर आंबेडकर रोडने थेट या, कंडक्टरला ‘राणीबाग’ म्हटलं की पुरतं. तिकीट मोठ्यांना ५० रुपये, लहान मुलांना २५, आणि आईवडील व दोन मुलं असं कुटुंब असेल तर सगळ्यांचं मिळून १००. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, बाग उघडताक्षणी आत शिरा. सुट्टीच्या दिवशी दुपारी गेलात तर झाड बघायला थांबलेल्या माणसाला मागून येणारी गर्दी पुढे ढकलत नेते.

आत शिरल्यावर पाय आपोआप पाट्यांमागे जातात. पेंग्विन या बाजूला, वाघ त्या बाजूला. तिथेच जरा थांबा. घड्याळाचा मनोरा बघा, डेव्हिड ससूनच्या नावाचा. शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत आहे, तिच्यासमोर दगडी हत्ती उभा आहे. हाच तो घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला होता. उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडून फुटला आणि म्हणून इथेच राहिला. पुढे तुकडे जोडून त्याला उभं केलं. काळा घोडा चौकातून १९६५ साली हलवलेला राजा एडवर्डचा पुतळाही इथेच आणून ठेवलेला आहे. शहराने नको म्हटलेल्या आणि मोडलेल्या वस्तूंनाही या बागेने जागा दिली आहे. संग्रहालयाला वेगळा वेळ द्या, त्याचा रिव्ह्यू मी वेगळा लिहीन. एवढं मात्र आत्ताच सांगते की २००३ साली महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले, जीर्ण झालेली ती वास्तू नीट दुरुस्त झाली आणि तिला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. जुनं न पाडता सांभाळता येतं याचा पुरावा बागेच्या दारातच उभा आहे.

आता झाडं.

पहिलं नाव उर्वशीचं. ॲम्हर्स्टिया नोबिलिस. मूळची ब्रह्मदेशची. फुलोरा फांदीवरून खाली लोंबतो. लाल पाकळ्या आणि त्यांवर पिवळा ठिपका, एकेका दांड्यावर अशी फुलं टांगलेली. नवी पालवी फुटते ती तांबूस आणि अगदी मलूल, पाणी न मिळाल्यासारखी खाली मान घातलेली. विद्यार्थी दरवेळी विचारतात, मॅडम, हे वाळतंय का? वाळत नाही. काही दिवसांत तीच पानं हिरवी होऊन ताठ होतात. या झाडाला बी फार क्वचित धरतं, म्हणून नवं रोप करणं कठीण. एक उर्वशी तोडून दुसरीकडे पाच लावू, असं कोणी म्हणालं तर त्याने ही रोपं आणायची कुठून, ते आधी सांगावं. हिवाळा सरता सरता ती फुलते तेव्हा इथे या. दुसरं काही बघितलं नाही तरी पन्नास रुपये वसूल.

कैलासपती ओळखायला पाठ्यपुस्तक लागत नाही. खोडातूनच फुलोरे फुटलेले असतात आणि त्यांना वास असा की झाड दिसण्याआधी नाकाला कळतं. फुलाच्या मधोमध पिंडीवर फणा धरल्यासारखा आकार दिसतो, म्हणून लोक भक्तीने हात जोडतात. झाड मात्र दक्षिण अमेरिकेचं. फळं तोफगोळ्याएवढी, फुटली की वास नकोसा. खाली मुलांना उभं करून फोटो काढू नका, ही फळं वजनाला भारी असतात.

गोरखचिंच अर्थात आफ्रिकेची. तिचं खोड मी मुलांना हातात हात घालून मोजायला लावते. मिठीत न मावणारं झाड मुंबईच्या मुलांनी पूर्वी पाहिलेलंच नसतं. तिची पांढरी फुलं संध्याकाळनंतर उमलतात आणि वटवाघळं परागीभवन करतात. या बागेत मोठ्या वटवाघळांचा वावर आहे. ती तिकिटाच्या पाटीवर नसतात, त्यांना पिंजरा नाही, आपल्या मर्जीने राहतात आणि रात्री मुंबईभर हिंडून फळांच्या बिया पसरवतात. माझ्या मते बागेतले सर्वांत कामसू प्राणी हेच.

कृष्णवडाचं पान देठाशी वळून द्रोणासारखं झालेलं असतं. लोणी चोरून खाताना कृष्णाने पान वळवून त्यात ते लपवलं, अशी गोष्ट सांगतात. मी ती गोष्ट सांगते आणि लगेच पानाची रचनाही समजावते, दोन्ही मुलांच्या लक्षात राहतात. ब्राउनियाचे लाल गेंद पानांच्या आत दडलेले असतात. झाडाच्या खाली जाऊन वर बघितलं तरच दिसतात, लांबून नुसतं हिरवं झाड. मादागास्करचा कॉल्व्हिलिया पावसाळा संपता संपता केशरी घोसांनी फुलतो, आणि गुलमोहरासारखी पानं बघून लोक त्याला गुलमोहरच समजतात.

एकदा उर्वशीखाली आमचा वर्ग थांबला होता. जवळच एक माळीकाका पानं गोळा करत होते. मी मुलांना सांगत होते की हिचं मूळ गाव ब्रह्मदेश. ते ऐकून काका म्हणाले, “बाई, मूळ गाव काय का असेना, आता ती भायखळ्याचीच. मी कामाला लागलो तेव्हाही एवढीच होती.” मग त्यांनी मुलांना खाली पडलेली फुलं उचलायला सांगितली, झाडावरचं एकही तोडू दिलं नाही. वर्गात तासभर बोलून जे जमत नाही ते त्यांनी पाच मिनिटांत केलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ही झाडं आपण आज बघतो, कारण काही माणसं त्यांच्यासाठी भांडली.

२००७ साली महापालिकेने या प्राणीसंग्रहालयाचा कायापालट करायचं ठरवलं. थायलंडच्या सल्लागार कंपनीने आराखडा केला, खर्च ४३३ कोटी रुपये. परदेशी प्राणी, त्यांच्यासाठी नवी दालनं, नव्या वाटा. पिंजऱ्यातल्या प्राण्यांचे हाल कमी व्हावेत याला कोणाचा विरोध असणार? पण पन्नास एकरांत एवढं सगळं बसवायचं तर जागा झाडांच्या पायाखालचीच जाणार होती. हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांत पुढे होत्या त्या काही महिला. बागेवर जीव असलेल्या, झाडांची नावं ठाऊक असलेल्या. त्यांनी ‘सेव्ह राणी बाग’ मोहीम उभी केली.

या मोहिमेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिची पद्धत. घोषणा, मेणबत्त्या, साखळ्या यांच्या आधी त्यांनी झाडं मोजली आणि ओळखली. कुठलं झाड, कुठली जात, किती दुर्मीळ. वर दिलेला २८६ जातींचा आकडा या मोहिमेमुळेच मुंबईकरांच्या तोंडी आला. ‘बाग वाचवा’ म्हटलं की अधिकारी म्हणतात, आम्ही बाग कुठे मोडतोय, आम्ही तर सुधारतोय. पण झाडांची यादीच हातात असली की प्रश्न नेमका होतो: ही जी झाडं इथे उभी आहेत, त्यांच्या मुळांवर काय बांधणार आहात? या प्रश्नाला गोलमाल उत्तर देता येत नाही.

दुसरा आधार वारशाच्या नियमांचा. बृहन्मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली आली. राणीची बाग त्या यादीत दुसऱ्या श्रेणीच्या ‘ब’ गटात आहे. लोकांना वाटतं वारसा म्हणजे दगडी इमारती. पण इथे सगळी बागच वारसा आहे, तिची आखणी, वाटा, झाडं, सगळं धरून. म्हणजे मुंबई वारसा संवर्धन समितीकडे गेल्याशिवाय इथे मोठं बांधकाम करता येत नाही. मोहिमेतल्या मंडळींनी हा मुद्दा लावून धरला. समितीने हरकती घेतल्या, वर्षं गेली, आणि ४३३ कोटींचा तो आराखडा अखेर मागे पडला. पुढे आला तो सुमारे दीडशे कोटींचा, बराच आटोपशीर. सगळं थांबलं असं मी म्हणत नाही. २०१६ साली दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, २०१७ साली त्यांचं दालन लोकांसाठी खुलं झालं, प्राण्यांची नवी दालनं बांधली गेली. पण बागेचा सांगाडा, तिचे जुने वृक्ष आणि त्यांच्यामधली मोकळी जमीन टिकली.

मी जीवशास्त्राची म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण अशा प्रत्येक वादात ती वगळली जाते. ‘एकही झाड तोडणार नाही’ हे आश्वासन ऐकलं की लोक शांत होतात. पण झाड मारायला कुऱ्हाड लागतेच असं नाही. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरात, हात-दीड हात खोलीतच बहुतेक असतात आणि पसरतात ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. खोडापासून दोन मीटर सोडून पायासाठी चर खणला तरी एका बाजूची मुळं तुटतात. वर काँक्रीट ओतलं किंवा पेव्हर ब्लॉक घट्ट बसवले की मातीत हवा आणि पाणी जायचं बंद होतं. ट्रक आणि जेसीबी फिरले की माती दाबली जाते. झाड लगेच मरत नाही. दोन-चार पावसाळे ते उभं राहतं, शेंडा वाळतो, मग एखाद्या वादळात उन्मळतं, आणि पेपरात बातमी येते की जुनं झाड होतं, वाऱ्याने पडलं. काचेची दालनं, पाण्याच्या टाक्या, गाळण यंत्रणा आणि हजारो प्रेक्षकांसाठी रुंद वाटा, यांचा खरा भार झाडांच्या मुळांवर पडतो. म्हणून ‘तोडणार नाही’ यावर न थांबता ‘किती अंतरावर खणणार, किती खोल खणणार, वर काय अंथरणार’ हे विचारायला हवं. इथल्या मोहिमेने मला हे शिकवलं आणि मी ते दर वर्षी वर्गात शिकवते.

प्राण्यांबद्दल थोडक्यात, कारण घरात लहान मुलं असली तर ती विचारणारच. पेंग्विन बघायला मुलांना मजा येते, काचेतून ते अगदी जवळ दिसतात. फक्त मुलांना सांगा की हे बर्फातले पेंग्विन नाहीत. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, थंड सागरी प्रवाहाजवळ राहणारे. त्यांना दक्षिण ध्रुवाची गरज नाही, पण मुंबईचा मे महिना सोसणार नाही, म्हणून वातानुकूलित दालन. वाघ, अस्वल, तरस यांची नवी दालनं जुन्या गजांच्या पिंजऱ्यांपेक्षा मोकळी आहेत, हे मनापासून कबूल करते. माझ्या लहानपणी वाघ सिमेंटच्या खोलीत येरझारा घालायचा ते आठवतं आणि आजचं बघून बरं वाटतं. तरी पन्नास एकरांना मर्यादा आहे. या जागेत अजून किती प्राणी मावतील यापेक्षा आहेत त्यांना किती जागा मिळते हे बघावं, असं माझं ठाम मत आहे.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल.

२०१७ साली तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झालं. सकाळी फिरायला येणाऱ्यांचा मासिक पास ३० रुपयांवरून १५० झाला. तेव्हाही लोकांनी विरोध केला होता आणि तो रास्त होता. मॉलमध्ये कॉफीला तीनशे रुपये देणाऱ्यांना पन्नास रुपये काहीच नाहीत, हे मला कळतं. पण ही बाग कोणाच्या शेजारी आहे ते बघा. भायखळा, माझगाव, चिंचपोकळी, लालबाग, काळाचौकी, नागपाडा. दहा बाय बाराच्या खोल्या. गिरणगावातल्या पिढ्यांना उघडं आकाश आणि सावली एकत्र मिळायची ती इथे. आमच्या चाळीतल्या बायका दुपारची कामं उरकून पोरांना घेऊन इथे यायच्या. प्राणी बघायला एखाद्या वेळी, एरवी नुसतं झाडाखाली बसायला. घरात आजी, दोन काकू आणि पाच पोरं असतील तर ‘कुटुंबाचं तिकीट’ त्यांच्या उपयोगाचं नाही. ते आईवडील आणि दोन मुलं यांचंच कुटुंब धरतं. पेंग्विन दालनासाठी वेगळं तिकीट ठेवा, जास्त ठेवा, माझी हरकत नाही. पण झाडाखाली बसायला येणाऱ्याला जुना दर असावा, निदान आठवड्यातून एक दिवस तरी. सार्वजनिक बाग पैशाअभावी कोणाला परकी होऊ नये.

तारा कापायचं दुसरं कारण ओळख. बाग स्वतःला सांगते कशी, हे महत्त्वाचं असतं. झाडांवर काही ठिकाणी नावांच्या पाट्या आहेत आणि त्या उपयोगी पडतात. पण मला हवा आहे तो तिकीट खिडकीवर हातात मिळणारा झाडांचा नकाशा, मराठीत, महिन्यांप्रमाणे: माघात उर्वशी कुठे, फाल्गुनात सीता अशोक कुठे, अश्विनात कॉल्व्हिलिया कुठे. एका पानात बसेल. शाळेच्या सहली इथे बसच्या बस भरून येतात. त्यातल्या प्रत्येक मुलाने दोन झाडं नावानिशी ओळखून घरी जावं, एवढी व्यवस्था अवघड नाही आणि खर्चिकही नाही. माहिती सगळी गोळा झालेली आहे, ती नागरिकांनीच करून ठेवली आहे.

महापालिकेचं दरवर्षी हिवाळ्यात इथे भरणारं फुलांचं प्रदर्शन मात्र न चुकता बघा. कुंड्यांची सजावट, भाजीपाल्याचे नमुने, बोन्साय, गच्चीवरच्या शेतीचे प्रयोग, आणि ते बघायला लोटलेली सगळ्या थरांतली मुंबई. पालिकेच्या माळ्यांचा हात किती कुशल आहे हे त्या दिवसांत दिसतं. याच हातांवर जुनी झाडंही जगली आहेत, आणि त्यांचं नाव कुठल्याही कोनशिलेवर नाही.

माझी एक विद्यार्थिनी मला म्हणाली, “मॅडम, आपण फक्त बघायला जातो. वाचवायचं काम वेगळे लोक करतात ना?” मी तिला जे सांगितलं ते इथेही लिहिते. आपल्याकडे झाडांच्या संरक्षणाचा १९७५ सालचा कायदा आहे, नागरी भागांसाठी. झाड तोडायचं किंवा हलवायचं तर आधी जाहीर सूचना द्यावी लागते, ती झाडावर लावावी लागते, आणि हरकती मागवाव्या लागतात. मुदत सात दिवसांची. सात दिवस म्हणजे एक आठवडा, त्यात सूचना नजरेला पडली तरच काही करता येतं. म्हणून झाडावर कागद चिकटवलेला दिसला की थांबून वाचायचा, फोटो काढायचा आणि हरकत लेखी द्यायची, पोच घ्यायची. नुसतं ‘माझा विरोध आहे’ लिहू नका. झाडाची जात, अंदाजे घेर, त्यावर घरटी आहेत का, बांधकाम थोडं सरकवून झाड वाचेल का, हे लिहा. २०२१ सालच्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून वेगळी जागा मिळाली आहे, तेही नमूद करा.

याने फरक पडतो. मलबार हिलचा जुना जलाशय पाडून नवा बांधायचा बेत होता, त्यात हँगिंग गार्डनच्या परिसरातली ३८९ झाडं बाधित होणार होती. तिथल्या नागरिकांनी हरकती घेतल्या, तज्ज्ञांची समिती नेमायला लावली, आयआयटी मुंबईचं मत घेतलं गेलं, आणि न पाडता दुरुस्ती करता येईल असं समोर आलं. मलबार हिलचे लोक वजनदार, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण राणीच्या बागेसाठी उभ्या राहिलेल्या बायकांकडे झाडांची यादी आणि वर्षानुवर्षं बैठकींना हजर राहायची चिकाटी, एवढंच भांडवल होतं. आरेच्या जंगलाच्या वेळी आपण हरलो, मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं गेली, ते दुःख माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणूनच जिथे यश आलं ती जागा स्वतः पायाखाली घालून बघावी आणि मुलांना दाखवावी, असा माझा आग्रह आहे.

मोहिमेतली मंडळी आणि निसर्गप्रेमी गट बागेत झाडं ओळखण्याच्या फेऱ्या काढतात. जमलं तर त्यातल्या एखाद्या फेरीत सामील व्हा, एकट्याने बघण्यापेक्षा दुपटीने दिसतं. दुर्बीण असेल तर आणा, मोठ्या झाडांच्या शेंड्याला पक्ष्यांची वस्ती असते. पायात चालायच्या चपला, जवळ पाण्याची बाटली, आणि पडलेली पानं-फुलं ठेवायला जुनी वही. मुलांना फूल तोडू देऊ नका, खाली भरपूर पडलेली असतात. चालणं जास्त होतं, त्यामुळे आजी-आजोबा बरोबर असतील तर सगळं बघायचा हट्ट न धरता अर्धीच बाग करा आणि सावलीत बसा.

नेमकं कधी यायचं, तर पहिल्यांदा येणाऱ्यांनी फेब्रुवारीत यावं. उर्वशी, सीता अशोक आणि बहुधा कैलासपती एकाच फेरीत फुललेले सापडतात आणि उकाडाही सुरू झालेला नसतो. बुधवारी येऊ नका, बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी आणि गुरुवारी बंद.